विश्लेषण : संस्था लोकांसाठी, पण विश्वस्त लोकांपासून किती दूर? हे अंतर मोजता येते का?

किती मुले शिकली, किती रुग्ण तपासले, किती शेततळी खोदली, हे आकडे स्वयंसेवी संस्थांच्या वार्षिक अहवालात पानोपानी असतात. पण ज्या विश्वस्त मंडळाच्या मंजुरीने हा अहवाल छापला जातो, त्यातील सदस्य त्या मुलांना, रुग्णांना, शेतकऱ्यांना शेवटचे कधी भेटले? त्यांचे ऐकून मंडळाने एखादा निर्णय बदलला का? याची नोंद सहसा कुठेच नसते. महाराष्ट्राने २०२५ मध्ये आजीव विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा आणली, तेव्हा विश्वस्तपद किती काळ असावे यावर बरीच चर्चा झाली. विश्वस्त लोकांच्या किती जवळ आहेत आणि ते कळणार कसे, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

कायदा विश्वस्तांबद्दल काय विचारतो?

महाराष्ट्रातील बहुतेक धर्मादाय आणि स्वयंसेवी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली स्थापन झालेल्या संस्थांचीही इथे या दुसऱ्या कायद्याखाली नोंदणी होते. विश्वस्तांची नावे आणि पत्ते परिशिष्टावर चढतात. कोणी नवे आले किंवा जुने गेले, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून ते सादर करायचे असतात. हिशेब देण्यात सतत कसूर, कर्तव्यात हयगय किंवा गैरव्यवहार झाल्यास विश्वस्ताला निलंबित करण्याचे वा काढून टाकण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत.

परदेशी देणग्यांसाठी असलेल्या कायद्यात (एफसीआरए) २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक देणे बंधनकारक झाले. कंपन्यांचा सीएसआर निधी घ्यायचा असेल, तर २०२१ पासून वेगळी नोंदणी लागते. म्हणजे विश्वस्ताचे नाव, पत्ता, आधार, सही, हिशेब हे सगळे सरकारला हवे असते. तो ज्या वस्तीसाठी काम करतो तिथे कधी गेला का, हे मात्र यातला एकही अर्ज विचारत नाही.

कायद्यात लाभार्थी अगदीच नाही असे नाही. 'हितसंबंधित व्यक्ती' या व्याख्येत विश्वस्तांबरोबर लाभार्थीही येतो. अशा दोन किंवा अधिक व्यक्ती संस्थेच्या कारभारासाठी योजना आखून द्यावी म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ शकतात. पण ही वाट वाद पेटल्यानंतरची, वकील लावून चालण्याची. वसतिगृहात पाणी येत नाही, दवाखाना बाजाराच्या दिवशीच बंद असतो, अशा गोष्टींसाठी कोणी धर्मादाय आयुक्तालयाची पायरी चढत नाही.

२०२५ च्या बदलाने काय साधले?

नव्या तरतुदीनुसार, विश्वस्तपत्रात आजीव विश्वस्तांची सोय असली तरी त्यांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. टाटा ट्रस्ट्समधील नियुक्त्यांच्या निमित्ताने ही तरतूद राष्ट्रीय पातळीवर चर्चेत आली. तालुक्याच्या गावातल्या शिक्षण संस्थेपर्यंत तिचे परिणाम पोहोचायला वेळ लागेल. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर मुलगा अशी गादी चालवणाऱ्या संस्था राज्यात कमी नाहीत.

मात्र मुदत ठरवली म्हणजे जवळीक आली असे होत नाही. पाच वर्षांसाठी आलेला विश्वस्तही पाच वर्षे मुख्यालयाच्या बैठकीच्या खोलीतच काढू शकतो. उलट तीस वर्षे त्याच पंचक्रोशीत राहिलेला आजीव विश्वस्त घराघरात ओळखीचा असू शकतो. कायद्याने काळ मोजला, कारण काळ मोजणे सोपे आहे.

मग हा प्रश्न आत्ता का?

पहिले कारण धर्मादाय रुग्णालये. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. उपचारांआधी मोठी अनामत मागितल्याच्या आरोपावरून २०२५ मध्ये पुण्यात मोठा गदारोळ झाला. त्यानंतरची चर्चा खाटा, अनामत आणि निधीचा विनियोग यांभोवतीच फिरली आणि ती आवश्यकही होती. पण प्रवेशद्वारावरच्या खिडकीत गरीब माणसाला काय ऐकावे लागते, हे रुग्णालयाच्या विश्वस्तांपर्यंत पोहोचवणारा कोणी मंडळात असतो का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

दुसरे कारण पैशाच्या नव्या वाटा. सोशल स्टॉक एक्सचेंजची घोषणा २०१९ च्या अर्थसंकल्पात झाली, सेबीने २०२२ मध्ये नियम केले आणि २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय शेअर बाजारावर पहिली नोंदणी झाली. इथे पैसे देणाऱ्याला ना व्याज मिळते ना मुद्दल परत. त्याला मिळते ती फक्त माहिती. म्हणून संस्थेने दरवर्षी नियामक मंडळातील सदस्यांची नावे, बैठकांची संख्या, हजेरी आणि कामगिरीच्या आढाव्याची पद्धत जाहीर करायची असते. आपल्याकडे मंडळाच्या कामाची इतकी नोंद उघडपणे मागणारी ही बहुधा पहिलीच मोठी व्यवस्था. तीही हजेरीपाशी थांबते.

सीएसआरचेही तसेच. ज्या कंपन्यांचे सीएसआर दायित्व सरासरी १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांना १ कोटी रुपये वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी सल्लागार गावात येतात, प्रश्नावल्या भरतात, छायाचित्रे काढतात. मूल्यमापन प्रकल्पाचे होते. प्रकल्प तसाच का आखला गेला, हे ठरवणारे मंडळ त्या प्रश्नावलीबाहेर राहते.

इतर देशांचे आकडे काय सांगतात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये धर्मादाय आयोगाने २०१७ मध्ये 'टेकन ऑन ट्रस्ट' हा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या विश्वस्तांत ९२ टक्के श्वेतवर्णीय निघाले, पुरुष स्त्रियांच्या दुप्पट आणि सरासरी वय साठीच्या पुढे. नवे विश्वस्त मुख्यतः आधीच्या विश्वस्तांच्या ओळखीतून येतात, हेही त्यात दिसले. ओळखीतली माणसे आपल्यासारखीच असतात, त्यामुळे मंडळ बदलले तरी त्याचा चेहरा बदलत नाही.

अमेरिकेत 'बोर्डसोर्स' ही संस्था ना-नफा संस्थांच्या मंडळांचे सर्वेक्षण करते. २०२१ च्या पाहणीत जवळपास निम्म्या, म्हणजे ४९ टक्के मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितले की, ज्या समाजासाठी काम करतो त्याच्याशी विश्वासाचे नाते जोडू शकतील असे योग्य सदस्य आमच्या मंडळात नाहीत. सदस्य निवडताना त्या समाजाच्या माहितीला मोठे प्राधान्य देणारी मंडळे ३२ टक्के होती. सदस्य त्याच समाजातला असावा याला प्राधान्य देणारी २८ टक्केच.

हे आकडे अमेरिकेचे असले, तरी आपल्याकडच्या संस्थाचालकांना ते परके वाटणार नाहीत. विश्वस्त शोधताना पहिला विचार कोणाचा होतो? देणगी आणू शकेल अशा उद्योजकाचा, सनदी लेखापालाचा, निवृत्त सनदी अधिकाऱ्याचा, नाव मोठे असलेल्या डॉक्टरचा. यात वाईट काही नाही, संस्था चालवायला ही माणसे लागतातच. अडचण एवढीच की, ती आल्यावर बहुतेक वेळा जागा संपतात.

'समाजातले मंडळ' म्हणजे नक्की कोण?

या प्रश्नाची दोन उत्तरे अमेरिकेने एकाच काळात दिली. दोन्ही पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर करखात्याचे. ना-नफा रुग्णालयांना करसवलत कशाच्या जोरावर द्यायची, हे १९६९ च्या एका निर्णयात ठरले. रुग्णालय समाजाच्या हिताचे आहे की नाही हे ठरवताना त्याचे मंडळ समाजातील नागरिकांचे आहे का, हा एक निकष मानला गेला. व्यवहारात त्याचा अर्थ झाला शहरातील मान्यवर नागरिकांचे मंडळ. मराठीत यासाठी 'प्रतिष्ठित' हा नेमका शब्द आहे. गावातले प्रतिष्ठित गावचेच असतात, पण सरकारी दवाखान्याच्या रांगेत ते सहसा उभे नसतात.

दुसरे उत्तर तळातून आले. १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्यात, योजनांमध्ये गरिबांचा 'शक्य तितका जास्तीत जास्त सहभाग' असावा असे वाक्य होते. त्याच चळवळीतून १९६५ मध्ये बॉस्टन आणि मिसिसिपीत सामुदायिक आरोग्य केंद्रांना सुरुवात झाली. पुढे १९७० च्या दशकात कायद्यानेच सांगितले की, संघराज्याचे अनुदान घेणाऱ्या अशा केंद्राच्या मंडळात किमान ५१ टक्के सदस्य त्याच केंद्राचे रुग्ण असले पाहिजेत. आज अशी सुमारे १,४०० केंद्रे आहेत आणि ती ३ कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात.

नियमाचा तपशील महत्त्वाचा आहे. 'रुग्ण' म्हणजे नावापुरता नव्हे, तर गेल्या २४ महिन्यांत ज्याने केंद्रात प्रत्यक्ष उपचार घेतले तो. केंद्राचा कर्मचारी किंवा त्याचा जवळचा नातेवाईक मंडळात चालत नाही. उरलेल्या सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे १० टक्क्यांपेक्षा जास्त उत्पन्न आरोग्य व्यवसायातून आलेले नसावे. मंडळ महिन्याला भेटते. प्रमुख अधिकारी नेमणे वा काढणे, अंदाजपत्रक, कोणत्या सेवा द्यायच्या, इतकेच काय, दवाखाना किती वाजता उघडायचा, हेही तेच ठरवते. संध्याकाळी सातनंतर दवाखाना चालू असावा, हे दिवसभर काम करणाऱ्या बाईला जसे कळते तसे सल्लागाराला कळत नाही.

मग अमेरिकेने प्रश्न सोडवला का? पूर्णपणे नाही. या मंडळांवर झालेल्या संशोधनात दिसले की ५१ टक्क्यांची अट पाळली जाते, पण मंडळात बसणारे रुग्ण बरेचदा त्या केंद्राच्या सर्वसाधारण रुग्णांपेक्षा आर्थिक आणि शैक्षणिकदृष्ट्या वरच्या थरातले असतात. केंद्रात एकदा दात दाखवलेला वकीलही नियमाने 'रुग्ण'च. आकडा बरोबर येतो आणि ज्यासाठी तो मागितला होता ते निसटते.

हजेरी मोजली की झाले?

समजा, डोंगराळ तालुक्यात मुलींचे वसतिगृह चालवणारी एक संस्था आहे. तिच्या दोन विश्वस्तांची तुलना करू. पहिले गृहस्थ शहरात राहतात. वर्षातल्या चारही बैठकांना हजर. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला जातात, स्नेहसंमेलनात बक्षिसे वाटतात. भेटीच्या नोंदवहीत त्यांच्या सात सह्या आहेत आणि प्रत्येक सहीशेजारी 'उत्तम व्यवस्था' असा शेरा.

दुसरी विश्वस्त एका माजी विद्यार्थिनीची आई. चारपैकी दोन बैठका तिला जमल्या नाहीत, कारण बैठक शहरात सकाळी दहाला होती आणि तिच्या गावाहून निघणारी पहिली एसटी पोहोचते सव्वाअकराला. ज्या दोन बैठकांना ती आली, त्यातल्या एकीत ती फक्त एक गोष्ट बोलली. रात्री स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही, म्हणून मुली संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. पुढच्या महिन्यात दिवा बसला.

हजेरीच्या तक्त्यात पहिल्याला १०० टक्के, दुसरीला ५० टक्के. भेटींच्या तक्त्यात पहिल्याला सात, दुसरीला शून्य, कारण ती वसतिगृहात जाते तेव्हा नोंदवहीत सही करत नाही. ओळखीच्या मुलीला डबा द्यायला जाणे ही 'भेट' आहे, असे तिलाही वाटत नाही.

बहुतेक मंडळे स्वमूल्यांकन करतात तेव्हा याच चुकीला आणखी एक जोडतात. सदस्यांना एक ते पाचच्या मोजपट्टीवर स्वतःच गुण द्यायला सांगतात. 'मी समाजाच्या गरजा जाणतो' या विधानापुढे दोन गुण देणारा विश्वस्त विरळाच. खरे तर ज्याला समाज थोडाफार कळू लागतो, तोच स्वतःला कमी गुण देतो.

मग मोजायचे काय?

शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक महिलेने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसते गुंडाळणे, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे, समजूत घालणे आणि वर भागीदारी, अधिकार सोपवणे, लोकांचे नियंत्रण. मधल्या पायऱ्यांना तिने सरळ देखाव्याचा सहभाग म्हटले. मत विचारले, पण त्या मतामुळे काही बदलेल याची हमी नाही, म्हणून. ही शिडी अर्धशतक जुनी असली, तरी विश्वस्त मंडळाला लावण्यासारखी आहे. तिच्यामुळे नजर माणसावरून हलून निर्णयावर जाते.

म्हणून विश्वस्त किती वेळा गावात गेला यापेक्षा, गावातली गोष्ट मंडळाच्या टेबलापर्यंत आली का आणि तिथून उत्तर घेऊन परत गेली का, हे मोजणे अधिक उपयोगाचे आहे. आणि त्यासाठी लागणारा दस्तऐवज प्रत्येक संस्थेकडे आधीच असतो. तो म्हणजे इतिवृत्त.

गेल्या तीन वर्षांची इतिवृत्ते काढावीत. एकूण ठरावांपैकी किती विषय लाभार्थ्यांकडून आले, किती देणगीदारांकडून, किती कार्यालयाकडून आणि किती कायद्याच्या मुदतीमुळे, हे शेजारी लिहावे. बँक खात्याचा सह्यांचा अधिकार, लेखापरीक्षकाची नेमणूक, बदल अर्ज, इमारतीची दुरुस्ती यांनीच पाने भरलेली निघाली, तर मंडळ काम करत नाही असे नव्हे. पण ते लोकांबद्दल बोलत नाही, हे दिसते. जे विषय लोकांकडून आले, ते पहिल्यांदा कधी मांडले गेले, निर्णय कधी झाला आणि ज्याने विषय काढला त्याला उत्तर कधी कळले, या तीन तारखा लिहाव्यात. तिसरी तारीख बहुतेक ठिकाणी मिळणारच नाही. निर्णय झाला हे कार्यालयाला कळते, तक्रार करणाऱ्याला नाही.

दुसरी बाजू उलटी तपासायची. विश्वस्तांना लोक ठाऊक आहेत का, हे विश्वस्तांना विचारण्याऐवजी लोकांना विचारायचे. संस्थेच्या एखाद्या विश्वस्ताचे नाव सांगता येते का? त्याच्याशी कधी बोलणे झाले का, आणि ते संस्थेचा कर्मचारी शेजारी उभा नसताना झाले का? तुम्ही सांगितल्यामुळे संस्थेत काही बदलले, असे एक उदाहरण आठवते का? हे तीन-चार प्रश्न त्रयस्थाने विचारले, तर एका दिवसात बरेच कळते. 'एक ते पाच गुण द्या' असे विचारू नये. संस्थेकडून काही मिळणारा माणूस पाचच गुण देणार.

आणखी एक गोष्ट. मोजमाप एकेका विश्वस्ताचे नसावे, मंडळाचे असावे. जो सनदी लेखापाल संस्थेचे हिशेब चोख ठेवतो, त्याने दर महिन्याला वस्तीत जायलाच हवे असा हट्ट निरर्थक आहे. नऊ जणांच्या मंडळात तिघांचे नाते घट्ट असेल आणि उरलेले सहा त्या तिघांचे ऐकत असतील, तर मंडळ जवळचे म्हणता येईल. तिघे आहेत, पण ठरावावर बोलतात नेहमी उरलेले सहा, ही परिस्थिती वेगळी. तीही इतिवृत्तात दिसते, जर इतिवृत्त 'सर्वानुमते मंजूर' एवढ्यावर संपत नसेल तर.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे का?

आहे, आणि तो मोठा आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने आदिवासींना रुग्णालय कसे हवे हे विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीऐवजी आपल्या झोपड्यांसारखी रचना आणि दंतेश्वरी देवीचे नाव हवे, असे उत्तर आले आणि रुग्णालय तसे उभे राहिले. तिथली आदिवासी आरोग्य संसद दरवर्षी कोणत्या आजारावर काम व्हावे हे सांगते. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या महिलांनाच आरोग्यसेविका केले. पण ही उदाहरणे संस्थापकांच्या दृष्टीची आहेत. ते गेल्यावर मंडळ हे टिकवील का, हे पद्धतीवर अवलंबून राहते.

पद्धतीचेही उदाहरण आपल्याकडे आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला चांगले, मध्यम, वाईट अशा श्रेणी दिल्या, गुणपत्रके तयार झाली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तरे द्यावी लागली. हे घडवून आणले ते स्वयंसेवी संस्थांनीच. सरकारी दवाखान्याचे गुणपत्रक चावडीवर लावणाऱ्या किती संस्थांनी स्वतःच्या मंडळाचे असे गुणपत्रक त्याच गावकऱ्यांकडून करून घेतले? या क्षेत्रातल्या मंडळींना हा प्रश्न विचारला की ती आधी हसतात, मग विषय बदलतात.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात अशी अट घातली. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांत ही समिती फक्त सल्ला देऊ शकते. म्हणजे ज्या शाळा संस्था चालवतात, तिथे पालक समितीत बसतात, निर्णय मात्र संस्थेच्या मंडळात होतात.

सहकारातला धडा आणखी बोलका आहे. ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याच्या सहकार कायद्यात 'क्रियाशील सभासद' ही संकल्पना आली. सलग पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहा आणि संस्थेच्या सेवा ठरावीक प्रमाणात घ्या, नाहीतर मताचा अधिकार जाईल, अशी ती अट. सहभाग कायद्याने मोजण्याचा हा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग. लगेच त्याचे राजकारण झाले. विरोधी गटाच्या सभासदांना अक्रियाशील ठरवण्यासाठी ही अट वापरली जाते, अशा तक्रारी आल्या. पुढच्या सरकारांनी ती कधी सैल केली, कधी पुन्हा घट्ट केली. हजेरीपटाला मताचा अधिकार बांधला की हजेरीपट कोणाच्या हाती आहे, हाच खरा प्रश्न होऊन बसतो.

धोके कोणते?

मोजमापाला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की लोक ते मोजमाप सांभाळू लागतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल हे निरीक्षण मांडले आणि ते आता सगळीकडे लागू पडताना दिसते. देणगीदाराने 'विश्वस्तांच्या क्षेत्रभेटी' असा रकाना ठेवला की भेटी वाढतात. गाडी, हार, नारळ, गट छायाचित्र आणि परत. गावाचा एक दिवस मात्र मोडतो.

मंडळात लाभार्थी घेण्याची सक्ती केली तर 'सरपंचपती' आठवावेत. महिला सरपंच झाली, खुर्चीवर नवरा बसला, हे राज्याने पाहिले आहे. त्याच महाराष्ट्राने नंतर स्वतः कारभार करणाऱ्या सरपंच महिलाही पाहिल्या. म्हणून सक्ती निरुपयोगी असते असे नाही. फळ यायला दोन-तीन निवडणुका जातात.

सर्वांत अवघड अडचण सत्तेची. ज्या संस्थेकडून मुलीची फी भरली जाते, त्याच संस्थेच्या बैठकीत तिच्याविरुद्ध बोलायचे धाडस कोण करील? एकट्या लाभार्थी-विश्वस्ताला ते जमत नाही. किमान तिघे असावेत, त्यांना मिळणारी सेवा विश्वस्तपदाशी जोडलेली नसावी आणि त्यांची निवड संस्थेच्या संचालकाने नव्हे, तर पालकसभेने किंवा वस्तीच्या बैठकीने करावी, एवढी तरी व्यवस्था लागते. हितसंबंधांचा आक्षेप येईल. पण अमेरिकी आरोग्य केंद्रांनी दाखवले आहे की, सर्वांना मिळणारी सेवा सर्वांच्या अटींवर घेणारा सदस्य निर्णयात बसू शकतो. कंत्राट स्वतःच्या भावाला देणाऱ्या 'प्रतिष्ठित' सदस्यापेक्षा तो जास्त धोकादायक नाही.

पुढे काय होऊ शकते?

नवा कायदा करण्याची गरज लगेच दिसत नाही. सोशल स्टॉक एक्सचेंजच्या वार्षिक माहितीत बैठकांची हजेरी आधीच द्यावी लागते. त्याखाली 'लाभार्थ्यांकडून आलेले आणि मंडळाने निर्णय घेतलेले विषय' असा एक रकाना सेबीला वाढवता येईल. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत, निर्धन रुग्णांच्या तक्रारी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत वाचल्या गेल्या का, एवढी नोंद धर्मादाय आयुक्त मागू शकतात. सीएसआर देणाऱ्या कंपन्यांना तर एका ईमेलने हे साधेल. प्रस्तावासोबत आपण लेखापरीक्षण अहवाल मागतोच, शेवटच्या चार बैठकांची इतिवृत्तेही मागावीत.

लहान संस्थांना हा आणखी एक कागद वाटेल आणि ती तक्रार चुकीची नाही. पाच कर्मचाऱ्यांच्या संस्थेत वर्षाचे निम्मे दिवस अर्ज भरण्यात जातात. तिथे तक्ते नकोतच. वर्षातली एक बैठक मुख्यालयाऐवजी वस्तीत, दुपारी एकनंतर, पहिली एसटी पोहोचल्यावर ठेवली आणि मागच्या वर्षी लोकांनी काय सांगितले होते ते सुरुवातीला वाचून दाखवले, तर कोणत्या विषयावर काहीच झाले नाही हे सांगायला समोर बसलेले लोकच पुरेसे असतात.